मोंबासापर्यंत त्रेपन्न तास

नकाशा सोनमनंच काढला होता. पुढं कुणी कितीही समजूत घातली, तरी ती गोष्ट काही बदलणार नव्हती.

सोनमचं घर म्हसवडच्या पुढच्या माळावर. पण वर्षातले सात-आठ महिने त्या घराला कुलूपच. दिवाळी झाली की तिचे आईवडील, रंगुबाई आणि अर्जुना, दीडशे मेंढरं, एक घोडी, तीन कुत्री आणि जाळीचं कुंपण घेऊन पश्चिमेला निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. या फिरत्या संसाराला धनगर वाडा म्हणतात. आज या रानात, चार दिवसांनी त्या रानात. सोनम मावशीकडं राहून शिकली, फलटणच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली आणि तिथंच एका माती परीक्षण प्रयोगशाळेत लागली. तिचा थोरला भाऊ धनाजी मात्र सगळ्यांपेक्षा लांब गेला. मर्चंट नेव्हीचा सहा महिन्यांचा कोर्स करून तो एका प्रवासी जहाजावर डेकवर कामाला लागला. रंग मारायचा, दोर ओढायचे, डेक धुवायचा. जहाजाचं नाव 'लेडी ऑरेलिया'. अकरा मजले, दोन पोहायचे तलाव. अर्जुना सांगायचा, "आख्खं म्हसवड बसंल आन् वर जत्रंला जागा उरंल."

पोरगा समुद्रात आहे एवढ्यानं अर्जुनाचं भागत नव्हतं. फोन लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"सोने, धना आता कुठं आसंल?"

"अरबी समुद्रात, आबा."

"ते कळलं गं. पर कुठल्या शिवारात?"

समुद्राला शिवार नसतं हे त्याला पटेना. म्हणून धनाजीनं पुढच्या दोन महिन्यांचं वेळापत्रक पाठवलं, तेव्हा सोनमनं प्रयोगशाळेतल्या एका कोऱ्या अहवालाच्या पाठीवर नकाशा काढला. मुंबई, मग सेशेल्स नावाची बेटं, मग आफ्रिकेच्या काठावरचं मोंबासा. मधे बाण. बाणाखाली तिच्या बारीक अक्षरात हिशोब: साडेनऊशे सागरी मैल, ताशी अठरा, म्हणजे त्रेपन्न तास. तिथल्या घड्याळातून आपल्या घड्याळात आणून वेळही लिहिली. सोमवारी दुपारी दीडला सुटणार, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला पोचणार. तिला अशी कामं मनापासून आवडायची. आकडे जुळले की पोट भरल्यासारखं वाटायचं.

वेळापत्रकाखाली धनाजीनं एक ओळ लिहिली होती. 'तुझ्यापुरतंच ठेव.' सोनमनं ती वाचली होती. पण आबांना पोरगं कुठंय ते सांगायचं नाही, असा त्याचा अर्थ होईल हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

अर्जुनानं तो कागद कोपरीच्या खिशात घातला आणि मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या जत्रेला तो म्हसवडला घेऊन गेला.

•

तीन आठवड्यांनी, त्या सोमवारी, सोनम रजा टाकून रहिमतपूरजवळच्या वाड्यावर आली होती. त्याला कारण होतं. रविवारी धनाजीचा बेटावरून आईला आणि तिला एकत्र फोन आला होता आणि त्यानं सहज बोलता बोलता सांगितलं होतं, की पुढचे दोन दिवस फोन लागणार नाही. सोमालियाच्या दिशेचं पाणी आहे, तिकडं चाचे फिरतात. प्रवाशांकडून सराव करून घेतला, सगळ्यांना केबिनबाहेरच्या बोळात खाली बसवलं, खिडकीपासून लांब.

"म्हाताऱ्या गोऱ्या बाया हसत हुत्या, आये. त्येंला वाटलं खेळच हाय."

"आन् तू कुठं बसायचं?" रंगुबाईनं विचारलं होतं.

"आमी बसायचं न्हाई. आमी कठड्याला. पाण्याच्या नळ्या धरून."

"पाण्याच्या?"

"व्हय. कोण वर चढाय लागला की पाणी मारायचं."

फोन ठेवल्यावर रंगुबाईनं सोनमला परत लावला आणि एवढंच म्हणाली, "तू ये." आणि सोनम आली.

वाडा नानासोंच्या रानात बसला होता. नानासो म्हणजे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले ऊसवाले शेतकरी. सोयाबीन निघालेल्या दोन एकरांत ते दरवर्षी अर्जुनाचीच मेंढरं खतासाठी बसवायचे. दुपारी दीड वाजता सोनमनं मोबाइलवर जहाजं दाखवणारं ॲप उघडलं. निळा ठिपका बंदरातून सुटला होता. अर्जुना, रंगुबाई, सगळे त्या ठिपक्यावर वाकले. ठिपका बोटभर सरकला आणि दोन तासांनी पुसल्यासारखा नाहीसा झाला.

"गेला?" रंगुबाई म्हणाली.

"आई, ते फुकटचं ॲप हाय. किनाऱ्यापासून पन्नासेक मैलांपर्यंतच दिसतं. शिवाय त्यांनीच सिग्नल बंद केला आसंल." सोनमनं सांगितलं आणि तिच्या ध्यानात आलं, की मुंबई ते सेशेल्स असाच चार दिवस हा ठिपका नव्हता आणि तेव्हा ती खुशाल मातीचे नमुने चाळत होती. रिकामा नकाशा तोच होता. आज मात्र तिला फोन खाली ठेवता येत नव्हता.

आदल्या रात्री तिनं हिशोबही करून पाहिला होता. या पाण्यातून वर्षाला किती जहाजं जातात, त्यातल्या कितींवर हल्ले होतात, त्यात प्रवासी जहाजं किती. इंटरनेटवर जेवढं मिळालं तेवढ्यावरून हजारात एकही येत नव्हतं. तिनं तो आकडा आईला सांगितला. रंगुबाई म्हणाली, "दीडशे मेंढरांत लांडगा एकच नेतो गं. ज्येचं जातं त्येला इचार."

तेवढ्यात नानासो बांधावरून आले. हातात दुधाची किटली.

"काय रं अर्जुना, लेक आलीया म्हणून दूध आणलं. सगळी मोबाइलात तोंड घालून बसलाय ते?"

"धनाचं जहाज सुटलं न्हवं का, मालक." अर्जुनानं मोठ्या कौतुकानं खिशातला कागद काढला. घड्यांवर तो आता फाटायला आला होता. "ही बगा. दीडला सुटला. परवा साडेसाला मोंबासा. पोरीनं मिन्टाचा हिशोब केलाय."

नानासोंनी चष्मा नाकावर ओढला, कागद लांब धरला, जवळ धरला. मग विचारलं, "ह्यो कागद कुणी कुणी बगितलाय?"

"आख्ख्या जत्रंनं," अर्जुना म्हणाला. "ज्ञानूनं तर फ्लेक्स लावलाय चौकात."

"आरं गड्या." नानासोंनी किटली खाली ठेवली. "फौजंत असताना गाडी कवा सुटणार ते आमी बायकोला सुदिक सांगत न्हवतो. पयला धडा त्यो. हलचाल सांगायची न्हाई."

अर्जुना हसला. त्याला ती थट्टाच वाटली. "फौजंचं येगळं हो. आमच्यात ज्याला म्हाईत न्हाई त्योच मरतो. सा वर्षांमागं फलटणच्या अलीकडं टेम्पो घिऊन चोर आलं हुतं. अकरा मेंढरं भरलीबी हुती. पर त्या शिवारातल्या समद्या वस्त्यांवर म्हाईत हुतं, अर्जुनाचा वाडा हितं हाय. कुत्री भुकली तशी चार वस्त्यांवरची मानसं काठ्या घिऊन पळत आली. टेम्पो टाकून पळालं बेणं. म्हाईत नसतं तर कोण आलं आसतं?"

"बरुबर," नानासो म्हणाले. "पर समुद्रात वस्त्या कुठं हायत, अर्जुना?"

अर्जुनाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यानं कागदाकडं पाहिलं आणि मग सोनमकडं.

सोनम मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडकली होती. फ्लेक्स. तिला फ्लेक्सचं माहीतच नव्हतं.

•

ज्ञानू तिचा चुलतभाऊ. म्हसवडला फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला. त्याच्या हातून कुणाचा वाढदिवस सुटत नसे, तिथं घरचाच माणूस परदेशी जहाजावर. त्यानं आठ बाय सहाचा फ्लेक्स केला होता. मधे धनाजी, निळ्या गणवेशात, हाताची घडी घातलेला. मागं जहाज. वर 'सातासमुद्रापार म्हसवडचा झेंडा'. आणि खाली, धनाजीच्या कोपरापासून सुरू होणारा, सोनमचा नकाशा. तिचं बारीक अक्षर ज्ञानूनं पिवळ्या रंगात हातभर मोठं करून घेतलं होतं. सोमवार दुपारी दीड. बुधवार साडेसहा. फ्लेक्ससमोर धनगरी गजी नाचाचे ढोल वाजवून केलेला व्हिडिओ इन्स्टाग्रामवर एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिला होता.

सोनम एकेक प्रतिक्रिया वाचत खाली गेली. 'नाद खुळा.' 'भावा जिंकलास.' 'बिरोबाच्या नावानं चांगभलं.' आणि मधेच एक इंग्रजी. फोटो नसलेलं खातं, नावात नुसती अक्षरं आणि आकडे. विचारलं होतं, जहाजाचं नाव काय, तारीख नक्की आहे का? खाली ज्ञानूचं उत्तर होतं: 'लेडी ऑरेलिया. हंड्रेड पर्सेंट शुअर भाई.' त्या खात्यानं उत्तरावर लाल बदाम ठेवला होता.

तिनं ज्ञानूला फोन लावला.

"बोला, मॅडम! रील बगितलं का?"

"ज्ञानू, ते आत्ताच्या आत्ता काढ."

"का गं? एक्केचाळीस हजार झालंत. उद्यापर्यंत पन्नास जाईल."

"खाली एकानं जहाजाचं नाव विचारलंय. कोण हाय तो?"

"कोण आसंल? फॅन आसंल. फॉरिनचा हाय. म्हणून तर मी इंग्लिशमधी रिप्लाय दिला."

"धनादादा ज्या पाण्यातनं चाललाय तिथं जहाजं लुटत्यात, ज्ञानू. तू त्यांना टाइम सांगितलास."

पलीकडं दुकानातलं मशीन चालू होतं, त्याची घरघर ऐकू येत राहिली. मग ज्ञानू अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पर टाइम तूच लिवला हुतास की."

यात त्याला टोमणा मारायचा नव्हता. तो खरंच गोंधळला होता, आणि बोलला ते खरंच होतं.

पाच मिनिटांत त्यानं व्हिडिओ काढला. पण तोवर म्हसवड, आटपाडी, जत, कुठल्या कुठल्या पोरांनी तो उचलून आपापल्या पानांवर टाकला होता. सोनमनं त्यातले सात मोजले आणि मोजणं सोडून दिलं. काढून टाकण्याआधी तिनं त्या प्रश्नोत्तराचा आणि फ्लेक्सचा फोटो काढून ठेवला होता. प्रयोगशाळेची सवय. नमुना ठेवल्याशिवाय काही फेकायचं नाही.

आणि मग तिला तिचा तो हजारात एकही न येणारा आकडा आठवला. तो आकडा काढताना तिनं सगळी जहाजं सारखी धरली होती. कुणाचं नाव कुणाला माहीत नाही, कुणाची वेळ कुणाला माहीत नाही, असं धरून तो हिशोब होता. आता त्यातलं एक जहाज सारखं राहिलं नव्हतं. त्या जहाजाचा हिशोब तिला येत नव्हता.

•

धनाजीच्या कराराच्या कागदावर कंपनीच्या मुंबईतल्या भरती कार्यालयाचा नंबर होता. फोन एका मुलीनं उचलला.

"मॅडम, जहाजाविषयी कुटुंबीयांना माहिती देता येत नाही."

"मला घ्यायची नाही, द्यायची आहे," सोनम म्हणाली.

"मग ईमेल करा ना. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत उत्तर येईल."

सोनमनं घड्याळ पाहिलं. त्रेपन्नातले पाच तास संपले होते.

कंपनीच्या संकेतस्थळावर तातडीच्या कामासाठी एक पत्ता होता. तिनं पत्र लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबली. कळवावं तर पहिला प्रश्न येणार, हे फुटलं कुणाकडून? आणि धनाजीची नोकरी जाणार. न कळवावं तर जहाज त्याच वाटेनं, त्याच वेळेला, जसं तिनं बाणानं दाखवलं होतं तसं जाणार, आणि कठड्याला धनाजी पाण्याची नळी धरून उभा असणार.

तिनं आई आणि आबा दोघांनाही सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

अर्जुना उठून मेंढरांच्या जाळीपाशी गेला. मग म्हणाला, "चोर आला तर बोंब मारायची आसती. ज्येचं जहाज त्येला सांगितल्याबिगर राखण कशी हुईल? सांग."

"आवं, पर पोराचं नाव?" रंगुबाई म्हणाली. "नाव घिऊ नगं गं सोने. नाव सोडून सांग."

सोनमनं नाव लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की तुमच्या जहाजाची वाट आणि वेळ एका व्हिडिओतून जगजाहीर झाली आहे, एका अनोळखी खात्यानं ती मुद्दाम विचारून खात्री करून घेतली आहे, कृपया कॅप्टनना तातडीनं कळवा. पण पुराव्याशिवाय असल्या पत्राला कोण भीक घालतो? तिनं फ्लेक्सचा फोटो जोडायला घेतला. धनाजीचा चेहरा कापला. वरचं नाव कापलं. नकाशा मात्र त्याच्या कोपरापासूनच निघत होता. तो ठेवायचा तर निळी बाही राहत होती आणि बाहीवर जहाजाचा बिल्ला. तिनं तीनदा कापून पाहिलं. बाही काढली की सेशेल्स निघून जायचं.

शेवटी बाहीसकट तिनं ते पाठवलं. सोमवार, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं.

उत्तर आलं ते यंत्राचं. आपलं पत्र मिळालं. आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

•

मंगळवार कसा गेला हे सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही झालंच नाही. मेंढरं सकाळी चरायला गेली, संध्याकाळी आली. एक मेंढी व्याली. रंगुबाईनं भाकरी केल्या, कुणी खाल्ल्या नाहीत म्हणून कुत्र्यांना घातल्या. सोनम दर पंधरा मिनिटांनी ॲप उघडायची. तिथं निळं पाणी आणि इतरांची जहाजं. तिनं भरती कार्यालयाला चारदा फोन लावला. चौथ्यांदा ती मुलगी म्हणाली, "मॅडम, जहाज ठरल्याप्रमाणे चालू आहे."

"ठरल्याप्रमाणे म्हणजे जुन्याच वाटेनं?"

"ते मला माहीत नाही, मॅडम. मला एवढंच सांगायला सांगितलंय."

ती मुलगी सोनमच्याच वयाची वाटत होती. तिच्या आवाजातही तेच होतं. समोर काच आहे, पलीकडचं दिसत नाही, आणि काचेवर हात आपटून उपयोग नाही.

बुधवारी दुपारी ज्ञानू मोटारसायकलवरून आला. कॅरियरला गुंडाळलेला फ्लेक्स बांधला होता. कुणाशी नजर न मिळवता त्यानं तो रंगुबाईच्या पुढं ठेवला.

"काकी, उतरवला."

"आता उतरवून काय करू ह्येचं?" रंगुबाई म्हणाली. पण फ्लेक्स म्हणजे ताडपत्रीसारखं चांगलं जाड कापड, वाया कसं घालवायचं? संध्याकाळी गार वारा सुटला तसा तिनंच तो उलगडला आणि नव्या कोकरांच्या टोपलीवर, चित्राची बाजू आत करून, अंथरला. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

साडेसहा वाजले. ॲपवर मोंबासा होतं, मोंबासाच्या बंदरात चौदा जहाजं होती. लेडी ऑरेलिया नव्हती.

"घड्याळात चूक आसंल," अर्जुना म्हणाला.

"चूक न्हाई, आबा."

"न्हाई, म्हंजी तितलं घड्याळ..."

"मी तपासलंय, आबा. चूक न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपला आकडा चुकलेला असावा. गुणाकार, भागाकार, वेळेचा फरक, कुठंतरी एखादी घोडचूक असावी. तिनं पुन्हा करून पाहिलं. त्रेपन्नच आले.

बांधावर नानासो येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं अर्जुनाच्या शेजारी बसले, आणि तसेच बसून राहिले.

•

गुरुवारी सकाळी अकराला ठिपका आला.

सोनम ओरडली तसा अर्जुना मेंढरं सोडून पळत आला. ठिपका मोंबासाच्या बराच दक्षिणेला होता. तिच्या बाणापासून किती तरी खाली. जहाज भलत्याच बाजूनं येत होतं, पण येत होतं. रंगुबाईनं सिद्धनाथाचं नाव घेतलं, कपाळ भुईला टेकवलं, आणि मान वर करून लगेच विचारलं, "पर धना हाय का त्यात?"

ठिपका जहाजाचा होता. आतल्या माणसांचा ठिपका नसतो.

चार वाजता फोन आला.

"सोने."

"दादा! कसा हायस तू?"

"बरा हाय. हातपाय हायत." मागं कुणीतरी इंग्रजीत सूचना देत होतं. "मंगळवारी क्याप्टननं एकाएकी जहाज खाली वळवलं. कारण कुणाला सांगितलं न्हाई. काल सकाळी दोन बोटी मागं लागल्या. बारक्या, पर लय पळणाऱ्या. वीस मिन्टं मागं हुत्या. आमी नळ्या सोडल्या, जहाज जोरात काढलं, मग गेल्या."

"चाचे हुते?"

"कुणाला म्हाईत? म्या एका बोटीत शिडी बगितली. शेजारी गोव्याचा पोरगा हुता, त्यो म्हणतो शिडी न्हवती, जाळं वढायचा बांबू हुता. मासं धरणारं आसत्याल." तो थांबला. "आज सकाळी क्याप्टननं बोलवून घेतलं. टेबलावर एक कागद हुता. त्येच्यावर माझी बाही हुती."

सोनमनं फोन तोंडाजवळ धरला.

"मान न्हवती, तोंड न्हवतं. पर माझी बाही मला वळकू येती का न्हाई? आन् मग त्येनी सगळा व्हिडिओच दाखवला. ढोल, ज्ञानू, सगळा. मला उतरवत्यात सोने. उद्याचं इमान हाय." मग त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं जाणून घ्यायचं होतं. "कंपनीला कुणी धाडला आसंल?"

अर्जुना आणि रंगुबाई तिच्या तोंडाकडं बघत होते. फोन स्पीकरवर होता.

"म्या धाडला," सोनम म्हणाली.

"कवा?"

"सोमवारी. संध्याकाळी सात वाजून दहा मिन्टांनी."



"त्यांनी मंगळवारी वळवलं," धनाजी स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "म्हंजी त्येच्यामुळं वळवलं का?"

"मला म्हाईत न्हाई, दादा."

"आन् सरळ गेलो आसतो तर?"

"तेबी म्हाईत न्हाई."

"बरं," तो म्हणाला. "आयेला दे."

रंगुबाईनं फोन दोन्ही हातांत धरला. "ये बाबा. कायबी हू दे, तू ये."

"आये, आता मला कुठल्याबी जहाजावर घेणार न्हाईत."

"नगं घिऊ द्यात. मेंढरं हायत की."

"मला जायाचं हुतं गं," धनाजी म्हणाला. "एप्रिलात युरोपला जाणार हुतं जहाज." आणि मग, लहान असताना जसा मधेच विषय बदलायचा तसा, "मेंढी व्याली का गं आपली, कपाळावर चांद असल्याली?"

"व्याली. दोन हायत."

"बरं झालं," धनाजी म्हणाला आणि फोन ठेवला.

रंगुबाई डोळे पुसत चुलीकडं गेली. पोरगं परत येतंय, तिला एवढं पुरे होतं. सोनमला ते पुरेना. प्रयोगशाळेत एका मातीत खत घालतात, दुसऱ्या तशाच मातीत घालत नाहीत, आणि मग सांगता येतं खतानं काय केलं. इथं समुद्र एकच होता, सोमवार एकच होता. पत्र न पाठवलेला दुसरा सोमवार कुठून आणायचा? तिनं भावाचा जीव वाचवला होता, की मासे धरायला निघालेल्या दोन बोटींपायी त्याचं जहाज घालवलं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं. ते लाल बदामवालं खातंही तिनं शोधलं. बंद झालं होतं. त्याचाही अर्थ लागत नव्हता. माणसं खाती बंद करतात.

शुक्रवारी सकाळी वाडा हलायचा होता. नानासोंचं रान खतून झालं होतं. बुधवारपासून वाड्यावरच थांबलेल्या ज्ञानूनं घोडीवर सामान बांधलं, रंगुबाईनं कोकरांवरचा फ्लेक्स झटकून त्याची घडी घातली. त्या घडीत वर आली ती नकाशाची बाजू, पिवळ्या अक्षरांतला सोमवार. तिनं घडी उलटी केली.

अर्जुनाचा फोन वाजला. पुढच्या गावचा शेतकरी होता. दरवर्षीचाच.

"अर्जुनाबापू, कवा येताय? शनवारी का ऐतवारी? आन् कुठल्या वाटंनं? म्हंजी वस्त्यांवर सांगून ठेवतो."

पन्नास वर्षांत अर्जुनानं या प्रश्नाला उत्तर द्यायला कधी श्वासभरही वेळ लावला नव्हता. वाट, वार, मुक्काम, पाण्याची विहीर, सगळं तो घडाघडा सांगायचा, आणि ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घ्यायचा. आज त्यानं फोन कानापासून लांब धरला. फोनच्या तोंडावर हात दाबला. दीडशे मेंढरं जाळीबाहेर उभी होती, कुत्री निघायच्या घाईनं गोल गोल फिरत होती.

"सोने," तो हळूच म्हणाला, "सांगू का?"

सोनमनं तोंड उघडलं. मग ती आईच्या हातातल्या फ्लेक्सच्या घडीकडं बघत राहिली.

अर्जुनाच्या तळव्याखालून तो माणूस हॅलो, हॅलो करत राहिला.